पालीचा पत्ता

आष्टीजवळ, वैनगंगेपासून हाकेच्या अंतरावर एक शाळा आहे. गुरुजींनी तिथं तीसेक वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली अजून त्यांच्याच खिशात असते. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आता पालींचा अभ्यास करते. दिवाळीला घरी आली की शाळेत चक्कर मारते, आणि गुरुजी तिच्याशी वाद घालायला तयारच असतात. या खेपेला वादाचं कारण टेबलावर ठेवलेलं होतं : मेणानं तोंड बंद केलेली काचेची बाटली, आत पिवळट पाण्यात एक पाल, बाहेर चिकटवलेला कागद. कागदाचा खालचा कोपरा कसरीनं खाल्लेला. उरलेल्या भागावर गुरुजींच्या वळणदार अक्षरात तीन ओळी : हेमिडॅक्टायलस ब्रुकी. जि. चंद्रपूर. १९७९.

गुरुजी : माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाची बाटली आहे ही. हिच्याकडं पाहून किती पोरांनी वहीत पाल काढली, हिशेब नाही. अन् तू म्हणते, चुकीची आहे.

अभ्यासक : पाल बरोबर आहे गुरुजी, कागद चुकलाय. त्यातही पहिली ओळ चुकली याचं मला फारसं काही वाटत नाही. ती चूक साऱ्या देशानं केली होती.

गुरुजी : ते कसं काय?

अभ्यासक : हे नाव १८४५ साली लंडनमध्ये दिलं गेलं. ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी. ब्रुकी म्हणजे जेम्स ब्रुक, बोर्निओ बेटावरच्या सारावाकचा इंग्रज राजा. पाल बोर्निओची, नाव तिथल्या राजाचं. पुढं १९३५ साली माल्कम स्मिथ यांचा भारतातल्या सरड्या-पालींवरचा मोठा ग्रंथ आला. अंगावर काळे ठिपके, पाठीवर खरबरीत दाणे, अशी जी पाल आपल्याकडं घराघरांत दिसते, ती त्या ग्रंथात ब्रुकीच्या खात्यावर जमा झाली. तिथून ते नाव याद्यांत गेलं, याद्यांतून पाठ्यपुस्तकांत, अन् पाठ्यपुस्तकातून या बाटलीवर.

गुरुजी : म्हणजे आमच्या पडवीतली पाल कागदोपत्री बोर्निओची रहिवासी!

अभ्यासक : पाऊणशेहून जास्त वर्षं. २०११ साली स्टीफन महोनी यांनी ग्रे यांचे मूळ नमुने पुन्हा काढून तपासले. मग २०१६ मध्ये अपर्णा लाजमी, वरद गिरी आणि प्रवीण कारंथ यांनी डीएनए आणि शरीररचना शेजारी ठेवून या गटाची उकल केली. ब्रुकी नावाच्या एका पोत्यात कितीतरी वेगळ्या पाली कोंबल्या होत्या. मुर्रायी, ग्लेडोवी, पार्विमॅक्युलेटस अशी जुनी, अडगळीत पडलेली नावं पुन्हा बाहेर काढावी लागली. त्यातली दोन तर गमतीची आहेत. जेम्स मरी यांनी १८८४ साली एका पालीला ग्लेडो यांचं नाव दिलं, आणि १८८७ साली ग्लेडो यांनी दुसऱ्या पालीला मरी यांचं. ती दुसरी डांगच्या जंगलातली.

गुरुजी : अहो रूपम् अहो ध्वनि:! हेच तं माझं म्हणणं आहे, बाई. साहेबानं साहेबाला पान दिलं, अन् पालीला त्याचा पत्ताही नाही. आता तुम्ही लोक ते पोतं सोडून आणखी नावं काढता. मला हे आपल्या जिल्ह्यासारखं वाटते. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत मी चंद्रपूर जिल्ह्याचा मास्तर होतो. त्या दिवशी झोपेतून उठलो तं गडचिरोलीचा झालो. शाळा तीच, पोरं तीच, भिंतीवरची पाल तीच. वैनगंगा काल जिल्ह्याच्या मधून वाहत होती, आज सीमेवरून वाहायला लागली. नदीला कोणी विचारलं? आता अहेरी वेगळा जिल्हा करा म्हणून मागणी आहे. फोडत जावं, नावं देत जावं. तुम्ही पालीचे जिल्हे पाडता, दुसरं काय!

अभ्यासक : जिल्हा शासन निर्णयानं फुटतो, गुरुजी. पाल आधीच फुटलेली असते, आम्हाला ते उशिरा कळतं. दोन गटांतल्या पाली हजारो पिढ्या एकमेकींशी जुळत नसतील, तर त्यांचे वंश वेगळे चाललेत. मी ती रेघ ओढत नाही, वाचते. आणि नदीचं म्हणाल, तर कधी कधी नदी खरंच जातीची सीमा असते. जमिनीवरून चालणारी, जाड शेपटीची, बिबट्यासारख्या ठिपक्यांची पाल असते ना, पापण्या मिटणारी? पूर्व भारतातल्या त्या पालींना सगळे हार्डविकी म्हणायचे. २०२२ साली आंध्र-ओडिशाकडची पाल वेगळी निघाली, युब्लेफारिस पिक्टस. ओडिशातल्या ब्राह्मणी नदीच्या उत्तरेला एक, दक्षिणेला दुसरी.

गुरुजी : अन् दहा वर्षांनी कोणी म्हणेल, नाही, ती एकच आहे. तुमच्यात तरी एकमत कुठं असते? एक फोडतो, दुसरा जोडतो. पोरांना मी काय सांगू? साधे मराठी शब्द धरून बस. आम्ही शिकलो तेव्हा प्रजाती म्हणजे जीनस अन् जाती म्हणजे स्पीशीज. आताचे पेपरवाले स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. आधी तेवढं तरी ठरवा.

अभ्यासक : यात तुमचं खरं आहे. आणि एकमत नसतं हेही खरं. जातीचं नाव हा निकाल नसतोच, अंदाज असतो. पुरावा पुढं ठेवून केलेला, आणि पुरावा बदलला की मोडता येणारा.

गुरुजी : मोडायचंच असेल तं बांधता कशाला?

तिनं उत्तर दिलं नाही. बाहेर अंधार पडत होता. पडवीतली ट्यूबलाइट दोनदा लुकलुकून लागली, आणि तिच्या पट्टीमागून एक पाल बाहेर आली. बोटाएवढी. मातकट रंग, पाठीवर काळसर ठिपक्यांच्या विस्कटलेल्या ओळी. दोघंही सवयीनं खुर्च्या सोडून भिंतीपाशी गेले. एक पाखरू नळीवर आपटून भिंतीवर टेकलं. पाल चार पावलं सरकली, थांबली, शेपटीचं टोक हललं, आणि पाखराचे पंख तिच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर राहिले. दोन-तीन झटक्यांत तेही आत गेले. मग तिनं जीभ काढून आधी उजवा डोळा पुसला, नंतर डावा.

अभ्यासक : हिला पापणी नाही म्हणून. डोळ्यावर काचेसारखं पारदर्शक आवरण असतं, ते जिभेनं साफ ठेवावं लागतं. मघाशी म्हटलं त्या जाड शेपटीच्या पालीला पापण्या आहेत, ती डोळे मिटते. पण तिच्या बोटांना पट्ट्या नाहीत, त्यामुळं भिंत चढता येत नाही. हिला छतावर उलटं चालता येतं, पण डोळा मिटता येत नाही.

गुरुजी : हे मी शिकवत होतो, बरं का. बोटांखाली चोषक असतात, असं.

अभ्यासक : चोषक नाहीत, गुरुजी. डिंकही नाही. पट्ट्यांवर उघड्या डोळ्यांना न दिसणारे लाखो केस असतात, आणि प्रत्येक केसाचं टोक पुन्हा शेकडो फाट्यांत फुटलेलं असतं. ते भिंतीच्या इतके जवळ जातात की रेणू रेणूला ओढतो. २००० साली एकेका केसाची ओढ मोजली गेली. आणि हेमिडॅक्टायलस म्हणजे अर्ध्या बोटांची. त्या पट्ट्या मधोमध दुभंगलेल्या असतात, म्हणून. हे नाव मात्र पालीच्या अंगावरूनच दिलेलं आहे.

गुरुजी : म्हणजे माझी बाटलीही चुकली अन् धडाही चुकला. ठीक आहे. पण मला सांग, ही जी समोर आहे, हिला काय म्हणायचं?

अभ्यासक : आता या क्षणी? पाल.

गुरुजी : बघ! एवढं शिकून तू माझ्या आजीच्या शब्दावर आली.

अभ्यासक : आले, कारण लांबून नाव सांगणं हाच तो जुना रोग आहे. पाठीवरच्या दाण्यांच्या ओळी मोजाव्या लागतील, बोटांखालच्या पट्ट्या मोजाव्या लागतील. नर असेल तर मांड्यांच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रांची रांग असते. डावीकडं किती, उजवीकडं किती, मध्ये किती खवले कोरे, हे पाहावं लागेल. शेपटीच्या टोकाचा तुकडा मिळाला तर डीएनए. मगच मी तोंड उघडीन. वाघ पाहायला ताडोब्यात जग येतं, म्हणून वाघाचा पट्टा न् पट्टा नोंदला गेलाय. ही तर रोज उशाशी असते. हिला कोण बघतं? पंचांगात हिच्यासाठी अख्खं कोष्टक आहे, अंगावर कुठं पडली तर काय फळ. शंकेचीही पाल चुकचुकते आपल्याकडं. पण चुकचुकणारी कोणती, हे कुणी विचारलं नाही. ओळखीची म्हणून अनोळखी राहिली.

गुरुजी : बोलते छान. पण मी दुसरं विचारतो. सुरजागडच्या डोंगरावर लोखंड खोदणं चालू आहे. जंगल रस्त्यासाठी जाते, खाणीसाठी जाते. तू मांडीची छिद्रं मोजत बसशील तेवढ्यात खडकच राहणार नाही. नावानं पाल वाचत नाही, जागेनं वाचते. जागा वाचव म्हणावं, नाव मागून दे.

अभ्यासक : जागेनं वाचते, मान्य. पण जागेची किंमत करताना यादीच पुढं येते. यादीत ब्रुकी लिहिलं, की वाचणारा म्हणतो, ही तर बोर्निओपासून कराचीपर्यंत सगळीकडं आहे, एका डोंगरानं काय बिघडतं. आणि तीच पाल त्या एकाच डोंगरावरची निघाली तर? सातपुड्यातल्या खडकांवरची एक पाल २०१७ साली नवीन जात म्हणून नोंदली गेली. तिचं शास्त्रीय नाव काय ठेवलं माहितीय? हेमिडॅक्टायलस चिपकली.

गुरुजी : चिपकली! वा. हे नाव ठेवणारा माणूस मला आवडला. साहेबाचं नाही, सासऱ्याचं नाही. मग आमच्या मराठीनं काय घोडं मारलं होतं?

अभ्यासक : मराठी माणसाचं नाव लागलंय. वरद गिरी यांच्या नावानं २०१९ साली एक पाल नोंदली गेली, वरदगिरी. पण गुरुजी, मी नावासाठी भांडतेय असं तुम्हाला वाटतंय. तसं नाहीये. मी पहिल्या ओळीसाठी आलेच नव्हते. माझं दुखणं दुसरी ओळ आहे.

गुरुजी : जि. चंद्रपूर? त्यात काय चूक? १९७९ ला चंद्रपूरच होता.

अभ्यासक : चूक नाही, अपुरी आहे. तुम्हाला सिरोंच्याची एक गोष्ट सांगते. गोदावरीचा डावा काठ १८६० साली निजामानं इंग्रजांना दिला. त्याचा अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला, मध्य प्रांतातला. मुख्य ठाणं सिरोंचा. भद्राचलम त्याच जिल्ह्यात.

गुरुजी : हे मला नको सांगू. विदर्भातला कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा बोटींतून समुद्रापर्यंत न्यायचा त्यांचा बेत होता. नदीत खडकांचे तीन अडथळे होते. त्यातला तिसरा आपल्या अहेरीजवळ, देवलमरीला. १८७१ साली हात टेकले त्यांनी.

अभ्यासक : त्याच १८७१ साली कलकत्त्यात एका पालीला नाव दिलं गेलं. नाव देणारे फर्डिनांड स्टोलिच्का, मोराव्हियात जन्मलेले, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले. तीनच वर्षांनी लडाखच्या वाटेवर, चाळिशीच्याही आत गेले, लेहमध्ये त्यांना पुरलं. पाल चांगली दांडगी. शेपटी सोडून नुसतं धडच दहा-बारा सेंटिमीटर. पाठीवर हिच्यासारखे खरबरीत कण नाहीत, बारीक एकसारखे दाणे. राहणं खडकांच्या कपारींत आणि झाडांच्या खोडांवर. नाव ठेवलं हेमिडॅक्टायलस जायगँटियस. आणि पत्ता लिहिला, भद्राचलमजवळ, गोदावरीचं खोरं.

गुरुजी : म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं ती सिरोंच्याची झाली!

अभ्यासक : तेव्हाच्या हिशेबानं, हो. १८७४ साली भद्राचलम मद्रास इलाख्यात गेलं, सिरोंचा चांदा जिल्ह्यात आला. पुढं मद्रासातून आंध्र झाला, २०१४ साली तेलंगण झालं, त्यातही जिल्हे बदलले. गेल्या दीडशे वर्षांत त्या पालीच्या गावावर किती पाट्या चढल्या आणि उतरल्या! पण आज मला ती पाल नेमकी जिथली, तिथं जाऊन उभं राहायचं असेल तर मी राहू शकते. स्टोलिच्कांनी फक्त अप्पर गोदावरी जिल्हा एवढंच लिहिलं असतं तर? तो जिल्हाच उरला नाही. शोधत बसले असते प्राणहितेपासून पापीकोंडाच्या डोंगरांपर्यंत.

गुरुजी गप्प झाले. बाटली उचलून त्यांनी उजेडासमोर धरली. पालीचे पुढचे पाय काचेला टेकलेले होते, बोटं फाकलेली. पंचेचाळीस वर्षांत तिचे ठिपके विरून गेले होते.

अभ्यासक : ही तशीच आहे, गुरुजी. चंद्रपूर जिल्हा म्हणजे तेव्हा चिमूरपासून सिरोंच्यापर्यंतचा मुलूख. तुम्ही फॉर्मॅलिनमध्ये ठेवली, त्यामुळं डीएनए मिळणं अवघड. स्पिरिट असतं तर बरं झालं असतं. पण दाणे मोजता येतील, पट्ट्या मोजता येतील. मी ओळखीनही कदाचित. मात्र ओळखून ती ठेवू कुठं? नकाशावर टिंब कुठं देऊ?

गुरुजी : नाव चुकलं तरी चालते, म्हणते तू.

अभ्यासक : नाव चुकलं तर दुसरा माणूस नमुना पाहून सुधारतो. ब्रुकीचं तसंच झालं. पत्ता हरवला तर कोण सुधारणार? पाल तर बोलत नाही.

गुरुजी : असंच आहे ते. कोटा बघ. सिरोंच्याकडचं प्राणहितेच्या काठचं गाव, किती लोकांनी पाहिलं असेल? पण जुरासिक काळातल्या त्या थराला जगभरचे लोक कोटा म्हणतात.

अभ्यासक : आणि त्याच थरातून, नदीच्या पलीकडं, सरड्याच्या कुळातल्या एका प्राण्याचे जबडे मिळाले. २००२ साली त्याला भारतगामा नाव दिलं. तज्ज्ञ त्याच्या कुळावर वाद घालतील, कोटाच्या पत्त्यावर घालणार नाहीत.

गुरुजी : मला आठवते.

अभ्यासक : काय?

गुरुजी : ही कुठं मिळाली ते. जिल्ह्यात नाही, ह्याच शाळेत मिळाली. दहावीच्या वर्गात चंद्रपूर जिल्ह्याचा नकाशा टांगलेला होता, कापडाचा. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी खाली उतरवला, तं मागं भिंतीला ही. शेजारी कोपऱ्यात दोन अंडी, साबुदाण्याहून मोठी, पांढरी, भिंतीला घट्ट. काढायला गेलो तं फुटली. कवच चुन्यासारखं. मी नवा होतो, उत्साह होता. पाल पकडली अन् बाटलीत घातली. दुसऱ्या वर्षी नकाशा काढला, तं दुसरी अंडी त्याच जागी. तेव्हा वाईट वाटलं होतं. त्यानंतर एकही पाल मी मारली नाही.

अभ्यासक : अंडी घालायची जागा एकदा पसंत पडली की माद्या पुन्हा पुन्हा तिथंच येतात. कधी कधी अनेक जणी एकाच फटीत घालतात. कठीण कवच हीदेखील या पालींची खूण. त्या पापणीवाल्या पालीचं अंडं मऊ, चामड्यासारखं असतं. गुरुजी, हे सगळं तुम्ही लिहून का ठेवलं नाही?

गुरुजी : कागद केवढा होता! नावानंच भरला. नाव मोठं, भारदस्त. पोरांवर छाप पडायची. नकाशामागं मिळाली, हे काय लिहायचं, असं वाटलं.

तिनं पिशवीतून जाड कागदाची चिठ्ठी काढली. ही बाटलीच्या आत घालायची, बाहेर नाही. बाहेरची कसर खाते. आणि पेन्सिलनं लिहायची, कारण बॉलपेनची शाई औषधात विरघळते, पेन्सिल राहते. गुरुजींनी चष्मा चढवला. अक्षर अजून तसंच वळणदार होतं, फक्त थोडं कापरं. त्यांनी लिहिलं : शाळेची इमारत, दहावीचा वर्ग, पूर्वेची भिंत, नकाशामागं. मग गावाचं नाव. मग वैनगंगेचा डावा काठ. मग एप्रिल १९७९. शेजारी दोन अंडी, कवच कठीण.

गुरुजी : जिल्हा कोणता लिहू? तेव्हाचा का आताचा?

अभ्यासक : तेव्हाचा जसाच्या तसा. आताचा कंसात.

त्यांनी लिहिलं : जि. चंद्रपूर (आता गडचिरोली). कंसानंतर थोडी जागा सोडली.

गुरुजी : अहेरीवाल्यांसाठी.

वरची ओळ कोरीच होती. नावाची. पेन्सिल तिथं जाऊन थांबली, मग त्यांनी ती तिच्या हातात दिली.

गुरुजी : हे तू मोजून सांगशील तेव्हा. अन् हलक्या हातानं लिही, बाई. तुझ्यानंतर कोणाला खोडावं लागलं तं कागद फाटायला नको.